तिसऱ्या गाण्यातली दोन नावं

दापोरा, २७ जून २००४

अरविंद,

'प्रिय' लिहायला बसलो होतो, पण हात वळला नाही. 'साष्टांग नमस्कार' तुझ्या बाबांना लिहितो, तुला नाही. तेव्हा नुसतं नाव.

पाकीट मिळालं. आधी फोटो बघितला. तुझा तो मेटल बँड, तोंडं काळी-पांढरी रंगवलेली चार पोरं, मागे पार्किंगमधल्या स्कूटर. डावीकडून दुसरा तू, हे मी बुटांवरून ओळखलं. आम्ही पोळ्याला बैल याहून बरा रंगवतो, आणि बैल निदान मान खाली घालतो.

मग तो छापील कागद वाचला. कुठल्याशा बर्फाच्या देशातल्या माणसाने माझ्या कॅसेटबद्दल काय लिहिलंय, ते तू मागच्या बाजूला मराठीत उतरवलंस, त्याबद्दल उपकार. "हा एकांतातला साधक पडक्या किल्ल्यात राहतो आणि ख्रिस्तापूर्वीच्या देवांची पूजा करतो. त्याच्या आवाजात हजार वर्षांचा द्वेष आहे." किल्ला कुणी सांगितला रे त्याला? असीरगडावर मी आयुष्यात दोनदा गेलो, दोन्ही वेळा शाळेच्या सहलीत, आणि दुसऱ्यांदा तू माझ्याच बाजूला बसून ओकला होतास. मी वाजवतो ते शेतातल्या मोटरच्या खोलीत. पाच हॉर्सपॉवरची मोटर, युरियाच्या गोण्या, भिंतीवर केळीच्या करप्याचं पोस्टर. लाइट असली की मोटर घुमते, ती घुमघुम सगळ्या गाण्यांच्या खाली आहे. त्या माणसाने तिला 'मंत्रघोष' म्हटलंय. कळव त्याला, मोनोब्लॉक पंप आहे.

आणि 'पेगन', म्हणजे जुन्या देवांना मानणारा, हा शब्द मला तुझ्याच कागदावरून कळला. तुम्हाला म्हसोबा शोधून काढावा लागतो. आमच्या बांधावर तो आहे, त्याला शेंदूर लावायचा कंटाळा येतो म्हणून बाबांच्या शिव्या खाव्या लागतात. एवढाच फरक.

असो. तुझ्यामुळेच हे सुरू झालं, ते नाकारत नाही. इंदूरच्या होस्टेलवरून तू ती कॅसेट आणलीस, कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी. मोहोळ उठल्यासारखी गिटार, आणि मागे लांब कुठेतरी एक माणूस मरत होता. तू हसलास. म्हणालास, "यार, रेकॉर्डिंग खराब आहे." मी तेव्हा बुऱ्हाणपूरला शनवाऱ्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे टेप आणि लग्नातले भोंगे दुरुस्त करायचो. खराब आवाज नीट करणं हाच माझा धंदा. कोणीतरी तो मुद्दाम खराब ठेवलाय, हे मी पहिल्यांदा ऐकलं. आणि एकटाच माणूस. गिटार तोच, ड्रम तोच, ओरडणारा तोच. तोंड दाखवत नाही, नाव सांगत नाही. मला वाटलं, हे आपलं काम आहे.

माझ्या या बँडचं नाव मात्र मी सांगितलं. 'उकिरडा' हे तुला फार 'डार्क' वाटलं होतं. त्यात डार्क काही नाही. माझ्याआधी दोन भाऊ गेले. मी झालो तेव्हा मला उकिरड्यावर ठेवलं, शेजारच्या भागाबाईने सूपभर कोंडा देऊन मला विकत घेतलं आणि परत मायच्या ओटीत टाकलं. यमाला वाटावं, हा केर आहे, याला कशाला न्यायचं. म्हणून उखर्डू. अशी नावं आमच्याकडे गल्लीला एक असतात.

आता मुद्द्याचं. तू ती कॅसेट पुण्यात कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर टाकून 'क्लीन' केलीस. एका डेकवरून दुसऱ्यावर सहा वेळा उतरवून मी तिच्यावर जी राख चढवली होती, ती तू साबणाच्या पाण्यात भिजवून काढलीस. कोणी सांगितलं होतं? वर विचारतोस, तिसऱ्या गाण्यातला आवाज कोणाचा, बाईसारखा वाटतो, आणि त्यात दोन शब्द ऐकू येतात ते काय आहेत.

आवाज माझाच. दुसऱ्या कोणाचा असणार? एकट्याचा बँड आहे ना हा. आणि ते शब्द नाहीत. घसा फाटला की ऐकणाऱ्याला काहीही ऐकू येतं.

तिसरं गाणं बाहेर पाठवू नको. बाकीच्या पाचांचं काय करायचं ते कर.

आणि श्रावणात कानबाईच्या सणाला येतो म्हणतोस, दोन मित्र घेऊन, कॅमेरा घेऊन. येऊ नको.

उखर्डू


दापोरा, २६ ऑगस्ट २००४

अरविंद,

आलासच.

तुझ्या त्या लांब केसांच्या मित्राला आधी सांग, की कानबाईच्या मिरवणुकीत मुंडी हलवून नाचायचं नसतं. सोमवारी सकाळी बाया कानबाई डोक्यावर घेऊन नदीवर निघाल्या होत्या. तो सजवलेला नारळ म्हणजे आमच्या घरातली माहेरवाशीण असते, तिला निरोप द्यायला जातात. हा गडी डफाच्या तालावर बोटांची शिंगं दाखवत होता. आमच्या गल्लीतल्या मालूबाईने मला विचारलं, "याले फिट येते का रे?" मी हो म्हणालो.

मायच्या अंगात आलं, ते तुम्ही बघितलं. दरवर्षी येतं. वडापासून नदीच्या उतारापर्यंत ती ओरडत जाते, बाया तिच्या पायांवर पाणी घालतात, कोणी नवस बोलतात, कोणी आजारी लेकरू तिच्या पुढ्यात धरतात. वर्षभर धुरपदाबाईला कोणी 'जेवलीस का' विचारत नाही, पण त्या अर्ध्या तासात सबंध गाव तिच्यापुढे वाकतं. तुझा कॅमेरा तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर होता. मी तो खाली ढकलला, तर तू माझ्याकडे बघितलंस. मला तेव्हाच समजलं की तू आवाज ओळखलास.

तिथे गप्प बसला असतास तरी चाललं असतं. अक्कल पुण्याला ठेवून आला होतास.

घरी ओट्यावर माय बसली होती, थकून गेलेली, हातात प्रसादाच्या रोटाचा तुकडा. अंगातलं उतरलं की तिला काहीच आठवत नाही. तू तिच्या पायाशी बसलास, फार भक्तिभावाने, आणि म्हणालास, "मावशी, तुमचा आवाज जगात पोचलाय. ऐका." आणि तुझ्या वॉकमनचे हेडफोन तिच्या पदरावरून कानांना लावलेस. मी आत पाणी आणायला गेलो होतो. बाहेर आलो तेव्हा तिसरं गाणं अर्धं झालं होतं.

मी तुला ओट्यावरून खाली ओढलं, कॉलर फाटली, तुझा मित्र "भाई, रिलॅक्स, रिलॅक्स" करत राहिला. बाबा धावत आले. त्यांना वाटलं, आपली दारू वगैरे. तुम्ही जीपमध्ये बसलात आणि गेलात. तेवढंच तुला माहीत आहे. पुढचं मी का सांगतोय, कोण जाणे. बहुतेक एवढ्यासाठी, की तू पुण्यात बसून 'गावातल्या लोकांना कला कळत नाही' असं म्हणत असशील.

हेडफोन तिच्या कानावर तसेच होते. तुझा वॉकमनही तिच्या मांडीवर राहिला. गाणं संपलं तरी तिने ते काढले नाहीत. मी काढले. ती म्हणाली,

"कोन बाई हाय रे हे?"

मी तार गुंडाळायला लागलो.

"लई दुःखात हाय बिचारी. कोन गेलं हिचं?"

"गाणं आहे माय ते. सिनेमासारखं."

"नाही," ती म्हणाली. "असं गानं नाही राहात." आणि हातातला तुकडा ताटात ठेवून उठली.

वॉकमन पार्सलने पाठवतोय. हेडफोन काढताना माझ्या हातून तार तुटली होती, ती जोडून दिली आहे. फुकट.

उखर्डू


दापोरा, १० ऑक्टोबर २००४

अरविंद,

तुझी दोन पत्रं आली. पहिल्यात माफी, दुसऱ्यात 'तरी पण'. तरी पण हा रेकॉर्ड थांबवणं आता हातात नाही, तरी पण कॅसेट काढणाऱ्या त्या लेबलवाल्याने तीनशे प्रती छापायला टाकल्या, तरी पण तिसरं गाणंच सगळ्यांना हवंय. तुझी माफी कशी आहे सांगू? केळीचा घड कापल्यावर झाडाला टेकू लावण्यासारखी.

आता खरं सांगतो. तू लायक आहेस म्हणून नाही. ज्याला सांगायला हवं त्याला सांगून झालंय, आता कोणालाही सांगितलं तरी फरक पडत नाही.

आवाज मायचा आहे. मागच्या वर्षी, चार ऑगस्टला, मी मिरवणुकीत पिशवीत टेप घेऊन तिच्या बाजूने चाललो. कोणाला विचारलं नाही. माझा स्वतःचा आवाज मला कधी आवडलाच नव्हता. तीन महिने त्या खोलीत ओरडून पाहिलं, दर वेळी ऐकू यायचं ते एवढंच, की एक पोरगा रागावलाय आणि का ते त्याला ठाऊक नाही. तिच्या ओरडण्यात 'का' होतं. ते मी चोरलं.

रेकॉर्ड केल्यावर दुसऱ्या दिवशी खोलीत बसून ऐकलं. मिरवणुकीत डफ, झांजा, बायांची गाणी, त्यात देवी काय बोलते ते कोणालाच समजत नाही. भागाबाई म्हणते, ती देवाची भाषा असते. मी टेप हळू चालवला. देवाची भाषा नव्हती. माय हाका मारत होती. "देविदास" आणि "माणिक". परत परत, तीच दोन नावं. वडापासून उतारापर्यंत.

देविदास माझा थोरला भाऊ, चौदा महिन्यांचा होऊन गेला. एवढं मला माहीत होतं, आजी कधीतरी बोलून गेली होती. दुसरा नऊ दिवसांचा होता. बारसंही झालं नव्हतं. त्याला नाव आहे, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

ही नावं आमच्याकडे घेत नाहीत. घेतली की मागचं लेकरू जातं, असं म्हणतात. मागचं लेकरू म्हणजे मी. अठ्ठावीस वर्षं तिने ती नावं तोंडातून काढली नाहीत, ती माझ्यासाठी. निघाली ती वर्षातून अर्धा तास, तिला स्वतःला न कळता.

आणि मी काय केलं? टेप पुसला नाही. त्या दोन नावांवर, बरोब्बर त्याच जागी, सगळ्यात मोठी गिटार टाकली. फाटका भोंगा होता दुकानात, त्याच्यातून. पुन्हा उतरवलं, पुन्हा टाकली. आवाज ठेवायचा होता, नावं बुडवायची होती. ज्याला तू 'रॉ प्रॉडक्शन' म्हणतोस आणि तो बर्फवाला 'तत्त्वज्ञान' म्हणतो, ते एवढंच होतं. मी पुरत होतो. तू साफ करून वर काढलंस. तुला पहिल्या पत्रात मी ज्या शिव्या घातल्या, त्यातल्या अर्ध्या माझ्या होत्या.

माय महिनाभर काही बोलली नाही. कामं करत होती, पण चूल पेटवून भाजी टाकायची विसरायची. पितृपक्षात बाबा जेवायला बसले होते, बाबांच्या आई-वडिलांचं श्राद्ध होतं. घास घेण्याआधी बाबांनी पानाबाहेर कावळ्याचा वाटा काढला. माय म्हणाली,

"अजून दोन काढा."

"कोनाचे?"

"देविदासचा. अन् माणिकचा."

बाबांचा हात तसाच राहिला. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मी जिवंत आहे का ते बघितल्यासारखं. मग विचारलं,

"माणिक कोन?"

"तुमचा दुसरा," माय म्हणाली. "मी ठेवलं होतं नाव. कानात सांगितलं होतं त्याच्या."

चुडामण पाटील, ज्यांनी मला आयुष्यात रडून दाखवलं नाही आणि मी रडलो तर कानाखाली दिली, ते पान सोडून उठले. गोठ्यात गेले. मी मागे गेलो तर म्हणाले, "जाय, तू जेव." थोड्या वेळाने परत आले आणि पानाबाहेर दोन घास काढून ठेवले. वरण पाटावर सांडलं.

मग मी सांगितलं. पिशवी, टेप, गिटार, सगळं. मला वाटलं होतं माय मारेल. तिने विचारलं, "म्हंजे देवी नव्हती ती? मीच होती?"

"तूच होतीस."

"इतके वर्ष?"

मी तिच्या मुलांची नावं तिला परत दिली आणि तिची देवी काढून घेतली. तिला हा सौदा हवा होता का, हे तिला कोणी विचारलं नाही. तू नाही, मी नाही.

तुझा किल्ल्यातला साधक,
उखर्डू


बुऱ्हाणपूर, ५ मार्च २००५

अरविंद,

कॅसेटचं खोकं उघडलं, बघितलं, परत पाठवतोय. मुखपृष्ठावर कवटी आणि जळकं झाड. आत माझ्याबद्दल एक परिच्छेद आहे, त्यात मी मौन व्रत घेतलं आहे असं लिहिलंय. मी दुकानात दिवसाला शंभर गिऱ्हाइकांशी बोलतो. दुसरी कॅसेट कधी, असं विचारतोस. कधीच नाही. गिटार शाहपूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याला देऊन टाकली, तो तिच्यावर लग्नात गाणी वाजवतो. पहिल्यांदा तिचा काही उपयोग झाला.

हे पत्र त्यासाठी नाही. काल दुकानात तुझी आई आली होती. मला आधी वाटलं, मिक्सर आणलाय. काकूंनी पिशवीतून काहीच काढलं नाही. म्हणाल्या, "उखर्डू, अरविंद तुला तरी लिहितो का रे?" ऑगस्टपासून तू घरी आला नाहीस. फोन केला तर दोन मिनिटं बोलतोस. तुझे बाबा, गजानन सर, त्यावर बोलत नाहीत, पेपर वाचत बसतात.

सरांनी मला मराठी शिकवलं म्हणून तुला ही एवढी पत्रं तरी नीट वाचता येतायत. त्यांच्या मुलाला आपल्या आईशी दोन मिनिटांच्या वर बोलता येत नाही, आणि तो जगाला आमच्या मूळ देवांबद्दल सांगतो.

काकूंनी विचारलं, तुमचं भांडण कशावरून झालं. मी टाळलं. त्या उठेनात. शेवटी सांगितलं. माझी चोरीही सांगितली. त्या ऐकत राहिल्या, आणि जाताना म्हणाल्या, "तुझ्या आईला मी एकदा भेटायला येईन." मी हो म्हणालो. शहरातल्या बाया असं म्हणतात.

उखर्डू


दापोरा, १७ ऑगस्ट २००५

अरविंद,

परवा कानबाईचं विसर्जन झालं. तू नव्हतास, मित्रही नव्हते, कॅमेरा नव्हता. त्यामुळे जे झालं ते तुला माझ्या शब्दांतच घ्यावं लागेल, आणि मी खोटारडा आहे हे तुला माहीत आहे. तरी हे खरं लिहितोय.

सोमवार आणि पंधरा ऑगस्ट एकाच दिवशी आले. शाळेचा भोंगा पहाटेपासून देशभक्तीची गाणी लावत होता. आठच्या सुमारास दारात रिक्षा थांबली आणि मालतीकाकू उतरल्या. एकट्या. हातात ओटीचं सामान. मायने त्यांना कधी बघितलं नव्हतं. मी म्हणालो, अरविंदची आई. मायचा चेहरा क्षणभर घट्ट झाला. मग ती म्हणाली, "या. चहा घ्या. पायी चालाल का नदीपावतर?"

मिरवणूक निघाली. वर्षभर गल्लीत कुजबुज होती. मायने वर्षभर देवीचं नाव काढलं नव्हतं. भागाबाई म्हणायची, विटाळ झाला असेल. पण कानबाईला येणारच, असं सगळ्यांनी धरलं होतं. तीन बाया आजारी लेकरं घेऊन वडाखाली थांबल्या होत्या, त्यातली कमल तर देडतलाईहून आली होती, सासरहून. डफवाला मायकडे बघून जोर लावत होता. माय चालत राहिली. वड मागे गेला. काही झालं नाही.

उतारावर डफवाल्याने थकून हात खाली घेतला. सगळ्या मायकडे बघत उभ्या. मी पिशवी घेऊन मागे होतो, आणि हो, पिशवीत टेप होता, चालू होता. का घेतला होता ते विचारू नको. खोड जात नाही.

माय म्हणाली, "नका वाट पाहू. माह्या अंगात नाही येत आता."

"असं नको बोलू व," मालूबाई म्हणाली. "देवी आयकते."

"आयकू दे. तिलेही सांगते." मायचा आवाज साधाच होता, भाजीवाल्याशी बोलते तसा. "माहे दोन पोरं गेले. देविदास चौदा महिन्यांचा होता. माणिक नऊ दिवसांचा. तुम्ही ज्याले देवी म्हनत होत्या, ते मी त्याह्यले बोलावत होती. मले माहीत नव्हतं. तुमचे नवस कोनी आयकले, मले सांगता येत नाही. माफी करा."

भागाबाईने कपाळावर हात मारला. "देवीच्या दिवशी मेलेल्यांचे नावं! अन् हा पोरगा उभा हाय मागं! काही वाटते का तुले?" तिने माझ्याकडे बोट केलं. मला ज्या बाईने कोंडा देऊन विकत घेतलं तीच ही, तिचा हक्क आहे. ती सुनेला घेऊन परत फिरली, तिच्या मागे सहा-सात घरं गेली. जाताना एक बाई मायच्या दिशेने थुंकली. वीस वर्षं तिच्याच पायांवर पाणी घालत होती ती. माणसांबद्दल माझं मत तुला माहीत आहे, ते तिथे पुन्हा पक्कं झालं.

उरलेल्या उभ्या राहिल्या. मग कमल पुढे आली, कडेवर तापाने फणफणलेलं लेकरू. मला वाटलं भांडणार. ती म्हणाली, "माही पोरगी गेली चैतात. पिंकी नाव होतं. घरात फोटोही नाही ठेवू देत." एवढंच बोलून तिने मायच्या खांद्यावर डोकं टेकलं.

तेव्हा मी पिशवीत हात घालून टेप बंद केला. म्हणजे मायची दोन नावं टेपवर आहेत, अन् कमलचं एक. पुढची नाहीत.

पुढे बऱ्याच बोलल्या. रडारड म्हणशील तर फारशी झाली नाही. एकीने नाव घ्यायचं, दुसरीने "कधी गेलं?" विचारायचं, मग तिने आपलं सांगायचं. मालूबाईचे जुळे गेले होते, हे मला छत्तीस घरांच्या गल्लीत राहून माहीत नव्हतं. कानबाई डोक्यावर घेतलेली बाई दमली, तर दुसरीने घेतली. डफवाला खाली बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. बाबा वर रस्त्यावर उभे होते. डफवाला आणि आमच्यासारखी पोरं सोडली तर पुरुष या मिरवणुकीत खाली येत नाहीत. ते आले. मायच्या बाजूला येऊन उभे राहिले.

सगळ्यांत शेवटी मालतीकाकू बोलल्या.

त्या इतका वेळ एका दगडाला टेकून उभ्या होत्या, ओटीचं ताट हातात धरून. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, पाहुण्या बाईला कोण विचारणार. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि मायला म्हणाल्या, "धुरपदाबाई, मलाही एक होती. अरविंदच्या आधी." मायने विचारलं, "केवढी?" काकू म्हणाल्या, "पावणेदोन वर्षांची. बोलायला लागली होती." आणि मग नाव सांगितलं. तुमच्या घरात सरांनी ते घेऊ दिलं नाही, असं म्हणाल्या. तुला कधी सांगितलं नाही. मायने त्यांचा हात धरला, आणि दोघी मिळून कानबाई घेऊन पाण्यात उतरल्या, काकू चांगल्या साडीसकट.

परत येताना शाळेसमोर झेंडावंदन चाललं होतं. सगळ्या ओल्या बाया तशाच थांबल्या, जन गण मन होईपर्यंत.

काकू संध्याकाळपर्यंत राहिल्या. मी त्यांना मोटरसायकलवर शनवाऱ्यापर्यंत सोडलं. उतरताना म्हणाल्या, "अरविंदला लिही. मी लिहायला बसते, पण जमत नाही." म्हणून लिहितोय. तुझ्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. तू तोंड रंगवून परक्यांचं दुःख विकणारा माणूस आहेस, आणि मी ते चोरून तुला पुरवणारा. दोघांत डावंउजवं करण्यासारखं काही नाही.

पण तुला एक बहीण होती. ती बोलायला लागली होती, आणि पहिला शब्द कोणता बोलली तेही काकूंनी सांगितलं. नाव मला माहीत आहे, सबंध दापोऱ्याच्या बायांना माहीत आहे. ते टेपवर नाही, आणि मी या कागदावर लिहिणार नाही.

घरी जा. आईसमोर बस. तिला विचार.

उखर्डू